मोडतोड जपान्यांचीच का दिसते?

ग्रीक पुराणकथांचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरतो: जपानीत 'ल' नाही, 'थ' नाही, त्यामुळे देवदेवतांच्या नावांची पार वाट लागते, मूळ नावं जपली ती इंग्रजीने, तेव्हा मराठीतही ती इंग्रजीवरूनच घ्यावीत.

'ल'चं म्हणणं खरं आहे. लेतो आणि रेआ, दोघींची नावं जपानीत 'रे'नेच सुरू होतात. 'न' सोडला तर सुट्या व्यंजनाला स्वरही चिकटवावा लागतो, म्हणून पाताळाच्या दारावरच्या केर्बेरोस या कुत्र्याचा 'केरुबेरोसु' होतो. (शेवटचा 'उ' बोलताना जेमतेम ऐकू येतो.)

पण याच कुत्र्याला इंग्रजीत म्हणतात सर्बेरस! इंग्रजीत ही नावं बहुतेक लॅटिनमार्गे आली. रोमनांनी ग्रीक 'क' आपल्या 'सी' या अक्षराने लिहिला आणि 'ओस'चा 'उस' केला. तेव्हा त्या 'सी'चा उच्चार 'क'च होता. पुढे 'ए' आणि 'इ'च्या आधी तो बदलत गेला, इंग्रजीत 'स' झाला. म्हणून ओदिसेउसच्या साथीदारांना डुकरं बनवणारी किर्के इंग्रजीत सर्सी झाली. जपानीत ती 'किरुके' आहे. प्सुखेची इंग्रजीत सायकी झाली, 'प' गायब. जपानी 'पुशुके'त तो शाबूत आहे. अपोलोनचा 'न' लॅटिनने गाळला तो इंग्रजीत परतलाच नाही, जपानी 'अपोरोन'मध्ये आहे. आता वाट कुणी लावली म्हणायचं?

'थ'ची तक्रार तर उलटीच आहे. अभिजात काळातल्या अथेन्समध्ये थीटा या ग्रीक अक्षराचा उच्चार आपल्या 'थाळी'तल्या 'थ'सारखा होता. इंग्रजीतला दातांत जीभ धरून काढलेला घर्षक ध्वनी तो नव्हे. जपानी 'त' त्यातला महाप्राण, म्हणजे 'ह'ची छटा, तेवढा सोडतो.

जपानीही काही सोवळी नाही. झेउसची ढाल पुराणकथांच्या पुस्तकांत 'आइगिसु', पण त्याच नावाची अमेरिकी शस्त्रप्रणाली असलेली युद्धनौका मात्र 'ईजिसु', सरळ इंग्रजीवरून उचललेली.

आणि इंग्रजांनाही हे खटकलं होतंच. जॉर्ज ग्रोट यांनी १८४६ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रीसच्या इतिहासात सॉक्रेटिस, पेरिक्लीस ही नावं 'सी'ऐवजी 'के' घालून छापली.

राहिला मराठीचा प्रश्न. हर्क्युलस रुळलाय, त्याला आता हेराक्लेस करायला जाऊ नये. पण जे नाव अजून रुळलेलं नाही, ते लिहिताना ग्रीक वर्ण बघावेत. थीटाला 'थ', खीला 'ख' आपल्याकडे तयार आहेत. ते सोडून 'सर्सी' लिहिण्याचं कारण मला तरी दिसत नाही.