खरी प्रत कोणती?

सातारा-सांगलीकडच्या कॉलेजांत शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की तोच वाद पुन्हा उभा राहतो. विद्यार्थी आणि पालक विचारतात, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर सगळं ऑनलाइन भरलं, तरी कॉलेजला झेरॉक्सचा संच कशाला हवा? शिष्यवृत्ती विभागातले लिपिक म्हणतात, उद्या तपासणी आली, समाजकल्याणकडून विचारणा झाली, तर दाखवायचं काय? दोघांचंही खरं आहे, म्हणून वाद मिटत नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांची आर्थिक साहाय्य कार्यालयं कागदी फाइली सोडून स्कॅन केलेल्या प्रतींवर कशी गेली, हे पाहिलं की आपला वाद कुठे अडकलाय ते कळतं. कागद की ऑनलाइन, हा मुद्दाच नाही. दोन्हींतली खरी प्रत कोणती, हे आपल्याकडे कुणी लिहून ठरवलेलं नाही. म्हणून दोन्ही सांभाळाव्या लागतात.

इथे अमेरिकेत ते केंद्र सरकारच्या नियमातच लिहिलेलं आहे. साहाय्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून. ते संपल्यापासून साधारणपणे तीन वर्षं नोंदी जपायच्या. नोंद स्कॅन केलेल्या प्रतिमेच्या रूपात चालते. अट इतकीच, की त्यातून छापलेली प्रत वाचता यावी, अचूक आणि पूर्ण असावी आणि मूळ कागदाच्या साधारण आकाराची असावी. याला अपवादही नेमके आहेत. पर्किन्स या जुन्या विद्यार्थी-कर्जाची मूळ, सही केलेली वचनचिठ्ठी कुलूपबंद, आगीपासून सुरक्षित पेटीत ठेवावी लागते. तिथे नुसत्या स्कॅनवर भागत नाही. कोणता कागद किती वर्षं आणि कोणत्या रूपात ठेवायचा, हे माहीत असलं की तपासणीची भीती उरत नाही. मग गठ्ठे बांधून माळ्यावर टाकायचीही गरज राहत नाही.

आपल्याकडे उलटं घडतं. उत्पन्नाचा दाखला ‘आपले सरकार’वरून निघतो, म्हणजे तो जन्मतःच संगणकावरचा असतो. त्यावर बारकोड असतो आणि महाडीबीटीवर तो क्रमांक टाकायची सोयही आहे. तरी आटपाडीचा किंवा माणचा विद्यार्थी सेतू केंद्रातून तो छापून घेतो, झेरॉक्स काढतो, मोबाइलवर फोटो काढतो, फोटो लहान करून पुन्हा सरकारच्याच पोर्टलवर चढवतो आणि झेरॉक्स कॉलेजात देतो. एकाच दाखल्याच्या चार प्रती होतात आणि प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा पुसट होतो. स्वयंसाक्षांकित, म्हणजे स्वतःच सही केलेल्या प्रती स्वीकाराव्यात असा राज्याचा शासन निर्णय २०१५ सालीच निघाला. डिजीलॉकरमध्ये खुद्द देणाऱ्या खात्याकडून आलेली गुणपत्रिका कायद्याने मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. (आपण स्वतः फोटो काढून तिथे चढवलेली मात्र नाही. हा फरक कॉलेजच्या खिडकीवर ठळक लिहून लावायला हवा.) म्हणजे संचातले निम्मे कागद स्कॅन करायचीच गरज नाही.

उरलेल्यांचं स्कॅनिंग नीट व्हायला हवं, आणि खरी गडबड तिथेच होते. महाडीबीटी एका कागदपत्रासाठी १५ ते २५६ केबीचीच फाइल घेतं. ए-फोर कागद ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० बिंदू) राखाडी छटांत स्कॅन केला तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. न आवळता ती फाइल ८.७ एमबीच्या आसपास जाते. ती २५६ केबीत बसवायची तर चौतीसपट आवळावी लागते आणि अक्षरांभोवती धुरकट डाग पडतात. त्यापेक्षा आधी १५० डीपीआयवर आणावी. बिंदू चौथाईवर येतात आणि आठ-नऊपट आवळलं तरी पुरतं. दाखला दोन पानी असेल तर त्याच मर्यादेत दोन्ही पानं बसवावी लागतात, म्हणून आणखी जपून. घाईत मागची बाजू राहते आणि अर्ज त्रुटी लागून परत येतो. नियम सोपा ठेवावा: कॉलेजच्या दप्तरात ३०० डीपीआयची प्रत, आणि पोर्टलची लहान प्रत तिच्यातून काढलेली. लहान प्रतीतून मोठी कधीच होत नाही.

फाइल लहान करायचा सर्वांत मोहाचा रस्ता म्हणजे निव्वळ काळं-पांढरं स्कॅन. तसं पान ५० केबीच्या आसपास बसतं. पण बोनाफाइडवरचा जांभळा शिक्का, निळ्या शाईची सही, पुसट प्रिंटरवरचा दाखला क्रमांक हे सगळं त्यात पांढरं होऊन उडतं. देवनागरीचा धोका त्याहून मोठा, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. अनेक स्कॅनरमध्ये डाग काढून टाकण्याची सोय असते आणि ती कधी कधी आधीपासूनच चालू असते. बारा पॉइंटच्या अक्षरावरचा अनुस्वार जेमतेम अर्धा मिलिमीटर. ३०० डीपीआयला तो सहा बिंदूंचा, १५० ला तीन बिंदूंचा. यंत्राला तो धुळीचा कण वाटतो आणि ते तो पुसतं. कुंभारचं कुभार होतं, शिंदेचं शिदे. इंग्रजी कागदांसाठी बनवलेल्या यंत्राचा यात दोष नाही. ती सोय बंद करून राखाडी छटांत स्कॅन करणं आपल्या हातात आहे.

नावांवर फाइली लावणं ही दुसरी मोठी चूक. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. जतकडच्या कागदांवर एकच गाव आणि एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. लग्न झालेल्या मुलीचे काही दाखले माहेरच्या नावाने, काही सासरच्या. इथल्या अमेरिकी कार्यालयांत फाइलीची किल्ली म्हणजे विद्यार्थी क्रमांक, साहाय्याचं वर्ष आणि कागदाचा प्रकार. नाव फक्त ताडून पाहायला. शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजांकडे पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक आहेच, पोर्टलचा अर्ज क्रमांकही आहे. ते दोन्ही क्यूआर कोडमध्ये छापून प्रत्येक विद्यार्थ्याच्या संचावर एक मुखपृष्ठ ठेवलं, की स्कॅनर आपोआप संच वेगळे करतो आणि लिपिकाला नाव टंकावं लागत नाही.

खर्चाची चर्चा आपल्याकडे स्कॅनरच्या किमतीवर येऊन थांबते. हिशेब मांडू. समजा २,००० अर्ज आहेत आणि प्रत्येकी १२ पानं, म्हणजे २४,००० पानं. मिनिटाला ४० पानं ओढणारं यंत्र हे काम दहा तासांत संपवेल. पण टाचण्या आणि पिना काढणं, दुमडलेले कोपरे सरळ करणं, कागद ठरलेल्या क्रमाने लावणं याला अर्जामागे तीन मिनिटं धरली तर शंभर तास होतात. प्रत्येक पानाचा प्रकार नोंदवायला दहा सेकंद धरले तर आणखी ६७ तास. रोज सात तास बसणाऱ्या एका माणसाचं हे पंचवीस दिवसांचं काम आहे, आणि त्यातला यंत्राचा वाटा दीड दिवसाचा. म्हणून यंत्राबरोबर माणूस मंजूर झाला नाही तर दिवाळीनंतर ते यंत्र झाकून ठेवलेलं दिसतं आणि शेजारी गठ्ठे पुन्हा वाढलेले असतात.

तपासणीची युक्ती साधी आहे. संच यंत्रात घालण्याआधी पानं मोजायची आणि नंतर प्रतिमा मोजायच्या. ६१२ पानं गेली तर ६१२ प्रतिमा यायला हव्यात. दोन पानं चिकटून एकदम गेली हे दुसऱ्या कशाने इतक्या लवकर कळत नाही. लॅमिनेट केलेली शिधापत्रिका आणि जुनी जीर्ण टी.सी. ओढयंत्रातून घालूच नये, सपाट काचेवर ठेवावी. पन्नासच्या गठ्ठ्यातली पाच पानं पडद्यावर पूर्ण आकारात वाचून पाहावीत आणि त्यातलं एक जरी बिघडलेलं निघालं तर सगळा गठ्ठा पुन्हा करावा. कागद लगेच रद्दीत देऊ नयेत. तीन महिने ठेवून, मग कापून नष्ट करावेत. आधार क्रमांक आणि जातीचे दाखले अख्खे रद्दीवाल्याकडे जाणं हा त्या मुलांवर अन्याय आहे. मूळ प्रमाणपत्रं तर कॉलेजने ठेवून घेऊच नयेत, हे यूजीसीने २०१८ सालीच बजावलंय.

जुन्या फाइलींना हात लावायची घाई नको. इथे शहाण्या कार्यालयांनी एक तारीख ठरवली, त्यापुढचं सगळं स्कॅन, मागचं फक्त कुणी मागितलं तर. तीन वर्षांत मागचं बरंचसं दप्तर आपोआप कालबाह्य झालं. आपल्याकडे मुदत ठरलेली नसल्याने हेच अडतं.

सांगलीकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांपर्यंत चढली. तळमजल्यावरचं कागदी दप्तर जसं भिजतं तसाच तळमजल्यावरचा सर्व्हर आणि कपाटातली हार्ड डिस्कही भिजते. दुसरी प्रत गावाबाहेर हवी, आणि ती कोल्हापुरात नको. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा एकाच आठवड्यात घरात शिरल्या होत्या.

अमेरिकेचं सगळं उचलावं असं मात्र मी म्हणणार नाही. इथे आता स्कॅनच्याही पुढची पायरी आली आहे: कुटुंबाने संमती दिली की उत्पन्नाचा आकडा थेट कर खात्याकडून अर्जात येतो. २०२४-२५ च्या अर्जापासून हे सुरू झालं आणि पहिल्याच वर्षी कोलमडलं. एरवी ऑक्टोबरमध्ये येणारा अर्ज डिसेंबर २०२३ च्या अखेरीस आला आणि कॉलेजांना नोंदी मिळायला मार्च उजाडला. ज्यांच्या आईवडिलांकडे सामाजिक सुरक्षा क्रमांक (आपल्या आधारसारखा इथला क्रमांक) नव्हता, त्या मुलांना कित्येक आठवडे अर्ज पुराच करता येईना. कागद जोडून वाट काढायची जुनी खिडकी तोवर बंद झाली होती. आपल्याकडे आधारला जोडलेलं बँक खाते बदललं आणि पैसे भलत्याच खात्यात गेले, की नेमकी हीच अवस्था होते. थेट माहिती घ्यायचीच, पण ती अडली तर माणसाकडून कागद घेऊन, वाचून निर्णय देणारी एक खिडकी उघडी हवी.

या दोन जिल्ह्यांत हे काम दुय्यम नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली ती ज्यांच्या घरात फी भरायला पैसे नव्हते अशा मुलांसाठी, आणि आजही राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती किंवा पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता वेळेवर आला नाही तर पाटण-जावळीच्या मुलीचं वसतिगृह सुटतं. तिला दहा चकरांऐवजी एक चकर पुरावी यासाठी राज्याच्या धोरणाची वाट पाहायची गरज नाही. प्राचार्यांनी एका पानाचा कार्यालयीन आदेश काढावा: अमुक तारखेपासून ३०० डीपीआयची तपासलेली प्रत हीच कॉलेजची नोंद; डिजीलॉकर किंवा बारकोडने पडताळलेल्या दाखल्याची छापील प्रत मागायची नाही; नोंद पाच वर्षं ठेवायची; आणि कागद स्वीकारला की विद्यार्थ्याला तारीख, कागदाचं नाव आणि काय बाकी आहे हे लिहिलेली पोच मोबाइलवर त्याच दिवशी जायची.