‘डबल ब्लॅडर गळ्यात मारली’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला दुकानात ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दल दिलगीर आहे. त्या शनिवारी सिंहस्थासाठीच्या लाइफ जॅकेटचा माल उतरत होता आणि काउंटरला मी एकटाच होतो.

पण ‘साधी सिंगल विंग मागितली तर दुप्पट पैशांची डबल ब्लॅडर गळ्यात मारली’ हे वाक्य मनाला फार लागलं. (विंग म्हणजे स्कूबा डायव्हरच्या पाठीवरची, पाण्यात तरंगतं ठेवणारी हवेची पिशवी. सिंगलमध्ये आत एकच ब्लॅडर म्हणजे फुगा असतो, डबलमध्ये एक जादा.) नाशिकला समुद्र नाही. हे दुकान चालतं ते धुळे-जळगावपासून विश्वासाने येणाऱ्या लोकांवर, आणि नवीन गिऱ्हाईक हल्ली आधी रिव्ह्यू वाचतं, मग फोन करतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

दुप्पट कुठून आलं? बिल काढून बघा. त्यात बॅकप्लेट (पाठीवरची प्लेट) आहे, हार्नेस (पट्टे) आहे, एक जादा होज (हवेची नळी) आहे. सिंगल घेतली असती तरी प्लेट आणि हार्नेस लागलेच असते. नुसत्या विंगमधला फरक सिंगलच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि तो मी बिल करण्याआधी तुम्हाला तोंडी सांगितला होता.

आता ती का सुचवली ते. तुम्हीच सांगितलंत की जुनी घेतलेली स्टीलची 12 लिटरची ट्विन (टाक्यांची जोडी) आहे, 5 एमएमचा वेटसूट आहे, ड्रायसूट (पाणी आत न येणारा, हवा भरता येणारा सूट) नाही आणि अंदमानात 45 मीटरपर्यंत डेको डाइव्ह (वर येताना ठरावीक खोलीवर थांबे घ्यावे लागतात अशा बुड्या) करायच्या आहेत. 232 बार दाबाला भरलेल्या त्या दोन टाक्यांत साडेपाच हजार लिटर हवा बसते, तिचंच वजन सहा-साडेसहा किलो. शेवटी टाक्या रिकाम्या होत आल्यावर 6 मीटरच्या स्टॉपवर स्थिर राहता यावं, या हिशोबाने वजन लावतात. म्हणजे उतरताना हे सहा किलो अंगावर जादाच. त्यात 45 मीटरवर दाब साडेपाच बार, निओप्रीन (वेटसूटचं रबर) पापडासारखं चेपतं आणि सूट तुम्हाला तरंगवेनासा होतो. तिथे विंग फाटली किंवा इन्फ्लेटरचा (विंगमध्ये हवा भरायच्या नळीचा) एल्बो निसटला तर? वेट बेल्ट सोडावा म्हटलं तर तुमच्या सेटला बेल्टच नाही, वजन म्हणजे खुद्द स्टीलच्या टाक्या. फिन मारत कसेबसे वर आलात तरी डेको बाकी असताना सरळ बाहेर पडता येत नाही, स्टॉपला थांबावंच लागतं. कशाच्या आधारावर थांबणार? मोठा एसएमबी (पाण्यावर तरंगणारा, फुगवायचा बोया) सोडून त्याला लटकता येतं, मान्य. पण त्यात दोन्ही हात गुंततात, आणि बुडत असताना ते जमेलच असं नाही.

डबल ब्लॅडरची गरज नाही म्हणणारे तुमचे इन्स्ट्रक्टर चुकीचं बोलले असं मी म्हणत नाही. ड्रायसूट असेल तर तीच दुसरी सोय. गरम पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या घेतल्या तर सेट मुळातच हलका पडतो. जीयूई या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचे लोक तर डबल ब्लॅडर नकोच म्हणतात, कारण दुसऱ्या ब्लॅडरमध्ये नकळत हवा शिरली की डायव्हर भलत्याच ब्लॅडरची हवा सोडत बसतो आणि वर खेचला जातो. ही भीती खरी आहे. म्हणूनच दोन्ही ब्लॅडर फुगवून टबात बुडवून दाखवल्या, बुडबुडा येतो का ते तुम्ही वाकून पाहिलंत. मुख्य इन्फ्लेटर उजव्या पोस्टवर (टाकीवरच्या व्हॉल्व्हवर), दुसरा डाव्या पोस्टवर, आणि दुसऱ्याची होज जोडून न ठेवता हाताला लागेल अशी बंजीत (लवचिक दोरीत) अडकवायची, हे तुम्ही मोबाइलवर शूटही केलंत. तुमचा जो वेळ गेला त्यातला बराचसा यात गेला. स्टीलच्या टाक्या आहेत हे इन्स्ट्रक्टरना सांगितलं होतंत का, एवढंच विचारतो.

विंग परत घेतली नाही, त्याबद्दल. ती आणलीत तेव्हा टॅग कापलेले होते आणि डंप व्हॉल्व्हच्या (हवा सोडायच्या झडपेच्या) झाकणाला मिठाची पांढरी कड धरली होती. ज्यावर जीव अवलंबून आहे असं वापरलेलं सामान मी दुसऱ्याला नवीन म्हणून कसं विकू? शटर अर्धं ओढल्यावर तुम्ही आलात आणि घरच्यांसमोर आवाज चढवलात, ते खरं तर इथे लिहायचं नव्हतं.

यापुढे टेक्निकल सामानासाठी आधी वेळ ठरवून बोलवायचा विचार आहे, किमतीतला फरकही कागदावर लिहून देऊ. शनिवारी मदतीला माणूस मिळतोय का बघतो.

विंग घेऊन या. दोन्ही इन्फ्लेटर खोलून, धुऊन देतो, पैसे घेणार नाही. अ‍ॅल्युमिनियमची ट्विन घेणार असाल तर सिंगल विंग मीच सुचवेन. स्टार वाढवा असं म्हणत नाही, पण ‘गळ्यात मारली’ एवढे शब्द बदलता आले तर बघा.

आपला,
दुकानमालक, गंगापूर रोड, नाशिक