कराटेच्या सरांबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजबद्दल

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की जे सर आधी ज्युडो किंवा जुजुत्सू (पकडून पाडण्याची जुनी जपानी कला) करून मग कराटेत आले ते खरे कराटेवाले नाहीत, जुन्या मास्टरांनी म्हणे जन्मभर एकच स्टाईल केली. हे चूक आहे हो, कृपा करून पुढे पाठवू नका.

वाडो-र्यू ही कराटेची स्टाईल काढणारे हिरोनोरी ओत्सुका घ्या, लहानपणापासून जुजुत्सू शिकलेले, 1922 ला कराटेचे मास्टर फुनाकोशी ओकिनावाहून टोकियोला आले तेव्हा त्यांच्याकडे कराटे सुरू केलं आणि 1924 ला फुनाकोशींनी पहिले ब्लॅक बेल्ट दिले त्यात हे होते. त्यांच्या स्टाईलमध्ये ते जुजुत्सू अजून दिसतं, समोरून पंच आला की हात आडवा घालून थोपवत बसायचं नाही, कंबर जराशी वळवून अंग बाजूला काढायचं आणि त्याच क्षणी आत घुसून मारायचं, बघायला इतकं सुंदर वाटतं ना! शितो-र्यू ही कराटेची दुसरी स्टाईल काढणारे माबुनी तर इतोसू आणि हिगाओन्ना अशा दोन गुरूंकडे शिकले, स्टाईलचं नावच दोघांच्या नावातल्या जपानी अक्षरांवरून ठेवलंय.

त्यामुळे सरांना जरूर विचारा, कुणाकडे शिकलात, किती वर्षं. पण आधी ज्युडो केलं म्हणून मुलाचं नाव क्लासमधून काढू नका.