सुई आधी खाली ठेवा

रविवारी दुपारी जेवत असताना कराडहून ताईचा फोन आला. "काय रे, बॅटरीला भोक पाडायला दाभण चालेल का, की शिवणाचीच सुई लागते?"

घास हातातच राहिला. भाच्याचा ड्रोन आदल्या दिवशी माळावर पडला होता, बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती, आणि ताईच्या सासरच्या ग्रुपवर कुणीतरी 'ड्रोन पडला? घाबरू नका! निवृत्त इंजिनिअरचे पाच रामबाण उपाय' हा मेसेज टाकला होता. हाच मेसेज त्या आठवड्यात मलाही तीन ठिकाणांहून आला होता आणि मी हसून पुसून टाकला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

पाच उपाय असे. एक, ड्रोन पडतो तो मोबाईल टॉवरच्या लहरींमुळे. दोन, फुगलेली बॅटरी दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा, मग सुईनं टोचून गॅस काढा, वर चिकटपट्टी लावा, बॅटरी नव्यासारखी. तीन, भिजला तर तांदळात पुरून ठेवा. चार, मोटारी फिरल्या की सगळं ठीक, बिनधास्त उडवा. पाच, पडलेला ड्रोन दुरुस्त करू नका, सरकारनं बंदी घातल्यामुळे सुटे भाग मिळतच नाहीत. चौथा म्हणतो उडवा, पाचवा म्हणतो टाकून द्या. लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेज एकदा तरी वाचायचा होता.

आधी सुईचं बघू, कारण बाकीच्या चुकांनी फार तर पैसे जातील.

ड्रोनची बॅटरी लिथियम पॉलिमरची असते. आत धातूच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या, आणि दोन पट्ट्यांमध्ये केसापेक्षाही पातळ प्लास्टिकचा पडदा. सुई हा पडदा फाडते आणि पट्ट्या एकमेकींना जोडते, म्हणजे थेट आतल्या आत शॉर्ट. घरात गीझरला 16 अँपिअरचा पॉइंट लागतो. भाच्याची मुठीत मावणारी बॅटरी क्षणभर 100 अँपिअरपर्यंत देऊ शकते. तो सगळा करंट सुईच्या टोकापाशी उष्णता होऊन बाहेर पडतो. प्रयोगशाळांत बॅटरी किती वाईट पेटते हे बघायचं असलं की तिच्यात मुद्दाम खिळा घुसवतात. ती एक मान्यताप्राप्त चाचणीच आहे, आणि ती करणारे लोक बॅटरी समोर धरून बसत नाहीत. आमचे निवृत्त इंजिनिअर तीच चाचणी आठवीतल्या पोराला स्वयंपाकघरात करायला सांगतायत.

बरं, त्या गॅसमध्ये असतं काय? बॅटरी जास्त चार्ज झाली, फार खाली उतरवली, तापली किंवा म्हातारी झाली की आतलं द्रावण कुजत जातं आणि त्यातून हा गॅस तयार होतो. त्याचा बराचसा भाग ज्वलनशील असतो. शिवाय द्रावणातल्या क्षारात फ्लोरिन असतं. हवेतली दमट वाफ लागली की त्याचं हायड्रोफ्लोरिक आम्ल होतं, ते डोळ्यांना आणि फुप्फुसांना जाळतं. आणि एवढं करून मिळतं काय? भात लागला की झाकण उघडून वास घालवता येतो, तळ करपलेलाच राहतो. गॅस गेला तरी ज्या द्रावणाचा गॅस झाला ते परत येत नाही. फ्रीजरचं तर विचारूच नका. थंडगार बॅटरी बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आणि त्याच ओल्या बॅटरीला हे भोक पाडायला सांगतात.

ताईला म्हटलं, सुई डब्यात ठेव. बॅटरी ड्रोनपासून सोड, चार्जरला अजिबात लावू नकोस, कोरड्या वाळूच्या बादलीत घालून अंगणात ठेव, गाडीपासून आणि गवतापासून लांब. पुढच्या खेपेला मी आलो की उघड्यावर बल्ब लावून ती रिकामी करेन आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे देईन. घंटागाडीत टाकायची नाही, दाबली गेली की तिथे पेटेल.

आता टॉवर. याला मला थोडं मान्य करावं लागतंय, नाइलाजानं. आपल्याकडे 4जी चा एक पट्टा 2300 मेगाहर्ट्झचा आहे आणि बरेच रिमोट 2400 च्या वरच्या पट्ट्यात बोलतात, अगदी शेजारीच. टॉवरच्या तोंडाशी उडवलं तर रिमोटचा सिग्नल दबू शकतो. सिग्नल गेला की कॅमेऱ्याचे तयार ड्रोन बहुधा परत यायला निघतात. घरी जोडलेले ड्रोन बहुधा ज्या बीटाफ्लाइट नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्याच्या सेटिंगमध्ये मात्र तुम्ही बदल केला नसेल तर मोटारी बंद होतात आणि ड्रोन दगडासारखा खाली येतो. इतपत अर्धसत्य त्या मेसेजच्या पदरात टाकतो.

पण भाच्याच्या माळापासून टॉवर लांब आहे, आणि ड्रोनचा कॅमेरा डोळ्यांपुढे दाखवणाऱ्या त्याच्या गॉगलमध्ये उड्डाणाचं रेकॉर्डिंग होतं. ते मी मागवलं. कडेला सिग्नलचा आकडा शेवटपर्यंत 99. खाली बॅटरीचा आकडा बघा: दर सेलला 3.4 व्होल्ट, म्हणजे इशारा केव्हाच झालेला. इशारा 3.5 ला लागतो, 3.3 ला तर उतरवाच असं सांगतो. अशात पोरानं झाडावरून नेण्यासाठी थ्रॉटल पूर्ण उघडला. आकडा एका झटक्यात 2.8, आणि चित्र काळं. लहरीबिहरी काही नाही. बॅटरी मेलेली होती. परीक्षेच्या महिन्यात ती पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवली होती. ठेवायचीच असली तर सेलला 3.8 व्होल्टवर ठेवायची, 4.2 वर नाही. म्हणजे ज्या बॅटरीनं ड्रोन पाडला, तिलाच टोचून परत ड्रोनला लावायचा सल्ला हा मेसेज देत होता.

तांदळाचं एका ओळीत: तांदूळ वरणाबरोबर खा. पाण्यात पडला तर आधी बॅटरी काढा, आणि समुद्राचं पाणी असेल तर मीठ सुकायच्या आत बोर्ड आधी स्वच्छ गोड्या पाण्यानं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा. आत बसलेलं मीठ तांदूळ ओढून घेत नाही.

'मोटारी फिरल्या की ठीक' हे पंख्याला चालेल. पडलेल्या ड्रोनला पहिल्यांदा वीज द्यायची ती पाती काढून, आणि मध्ये सिरीज बल्ब घालून. गल्लीतला वायरमन शॉर्ट शोधायला करतो तेच. चार सेलच्या बॅटरीला ट्रकचा 24 व्होल्टचा बल्ब चालतो. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक, पेटून राहिला तर बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका. मग प्रत्येक मोटार बोटानं फिरवा. वाळू दळल्यासारखं लागलं तर बेअरिंग गेलं, एका जागी घासलं तर वरची घंटी, म्हणजे मोटारीचं फिरणारं टोपण, वाकली. आणि दुरुस्तीनंतर उचलताक्षणी उलटला तर नशिबाला दोष देण्याआधी डावी-उजवी पाती अदलाबदल झालीत का ते बघा. दहात आठ वेळा तेच असतं, माझ्या बाबतीत तरी.

राहिली बंदी. 9 फेब्रुवारी 2022 ची परकीय व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना आहे, कुणीही उघडून वाचावी. बंदी परदेशी ड्रोन आणण्यावर आहे: अख्खा असो, अर्धवट जोडलेला असो की पूर्ण सुटा करून. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना सवलत आहे. आणि त्याच अधिसूचनेत लिहिलंय की ड्रोनच्या सुट्या घटकांच्या आयातीला परवानगी लागत नाही. मेसेजवाल्यानं कागद उलटा धरून वाचला. नवा परदेशी ड्रोन आणणं अवघड झालं, म्हणून तर हातातला दुरुस्त करायचा.

सगळेच करावेत असं नाही. दोन हजारांच्या खेळण्यातल्या ड्रोनची मोटार जळली तर सोडून द्या, सोल्डरिंगचा वेळही वसूल होत नाही. घडीच्या कॅमेरा ड्रोनचा गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा भाग, आणि मुख्य बोर्ड दोन्ही गेले असतील तर मीही हात जोडतो. भाच्याचा मात्र घरी जोडलेला, प्रत्येक भाग सुटा. नुकसान काय, तर मोटार ज्यावर बसते तो कार्बनचा एक हात मोडला, एका मोटारीची घंटी वाकली, पाती गेली. पुण्यात पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एक चक्कर मारली. बॅटरी सोडून दोन हजारांच्या आत आटोपलं, आणि अख्ख्या ड्रोनला पंचवीस हजार लागले होते.

नवा हात मूळ हातापेक्षा एक मिलिमीटर पातळ निघालाय. भाच्याला फोन करून बजावलंय, जुने स्क्रू मोटारीला लावू नकोस. ते आत जास्त जातील, मोटारीच्या तांब्याच्या तारेला टेकतील, आणि मग खरंच काहीतरी जळेल. आखूड स्क्रू मी पाकिटात घालून पाठवलेत. "मामा, मग ग्रुपवर काय लिहू?" त्यानं विचारलं. म्हटलं, ते मी लिहितो.