‘डॉनी डार्को’ कळलेला माणूस कसं व्हावं

सगळ्यात आधी चेहरा कमवायचा. कुणी या सिनेमाचं नाव काढलं की लगेच बोलायचं नाही. नजर जरा लांब लावायची, एक सुस्कारा सोडायचा आणि मग विचारायचं, “कितव्यांदा पाहिलास?” समोरचा “एकदाच” म्हणाला की अर्धी लढाई जिंकलात. एकदाच पाहिलेल्या माणसाला मत नसतं, त्याला नुसते प्रश्न असतात, आणि उत्तरं द्यायला तुम्ही आहातच. तुम्ही स्वतः तो किती वेळा पाहिलाय, हा मुद्दा इथे गैरलागू आहे.

मग थोडं पाठांतर. २ ऑक्टोबर १९८८. व्हर्जिनियातलं मिडलसेक्स. डॉनी नावाचा शाळकरी पोरगा, गोळ्या घेणारा, मानसोपचाराला जाणारा, रात्री झोपेत चालत घराबाहेर पडणारा. माणसाएवढा एक भेसूर ससा त्याला बोलावून घेतो आणि सांगतो की जग संपायला २८ दिवस, ६ तास, ४२ मिनिटं आणि १२ सेकंद उरलेत. सकाळी पोरगा गोल्फच्या मैदानावर जागा होतो आणि घरी येऊन बघतो, तर त्याच्या खोलीवर विमानाचं इंजिन कोसळलेलं. कुठल्या विमानाचं, ते कुणालाच सांगता येत नाही. तुम्हाला मात्र सांगता आलं पाहिजे.

ते आकडे एका दमात म्हणायला शिका. मधे श्वास घेतलात तर नवखे ठराल. म्हणून झाले की हळूच बेरीज करा: २८ अधिक ६ अधिक ४२ अधिक १२, झाले ८८. साल १९८८! इथे दोन क्षण थांबायचं. यातून काय सिद्ध होतं असं कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर चित्रीकरणही २८ दिवसांतच झालं होतं हे ऐकवा. यातूनही काही सिद्ध होत नाही, पण तोवर ऐकणारा दबलेला असतो.

सिनेमा तुम्ही अर्थातच ‘तेव्हाच’ पाहिलेला असणार. तेव्हा म्हणजे ऑक्टोबर २००१मध्ये. ११ सप्टेंबरला जेमतेम दीड महिना उलटला होता, आणि घरावर विमानाचं इंजिन पडतं असा सिनेमा बघायची अमेरिकेत कुणाला हौस नव्हती. सुमारे ४५ लाख डॉलर खर्चून केलेल्या सिनेमानं तिथल्या पहिल्या फेरीत कसेबसे पाच लाख मिळवले. पुढे तो मध्यरात्रीच्या खेळांवर आणि डीव्हीडीवर जगला. आज ‘मी तेव्हाच पाहिला होता’ म्हणणाऱ्या सगळ्यांनी खरोखरच तेव्हा तिकीट काढलं असतं, तर निर्मात्यांनी त्या पैशात दुसरं इंजिन पाडलं असतं. पण लाजू नका. गर्दीत एकानं काय फरक पडतो!

आता मुख्य शस्त्र. दिग्दर्शक रिचर्ड केली यानं २००४ साली आपली स्वतःची आवृत्ती काढली, वीसेक मिनिटं लांब. तिच्यात काळप्रवासावरच्या एका काल्पनिक पुस्तकाची पानंच्या पानं पडद्यावर येतात. या आवृत्तीला आधी नाकं मुरडायची: “सगळं चमच्यानं भरवलंय. गूढच संपवलं.” मग लगेच तिच्यातलेच शब्द उसने घ्यायचे. टॅन्जंट युनिव्हर्स. लिव्हिंग रिसीव्हर. मॅनिप्युलेटेड डेड. हे शब्द भराभर फेकले की तुम्ही समजावून सांगताय असं वाटतं. सुरुवातीचं ‘द किलिंग मून’ काढून तिथे दुसरं गाणं घातलं, याचा संताप वेगळा राखून ठेवा. चर्चा थंडावली की कामाला येतो. (मला स्वतःला पहिलीच आवृत्ती आवडते, पण आवड ही काही थिअरी नव्हे.) २००९ साली याचा दुसरा भाग आला होता असं कुणी म्हणालं तर ऐकूच आलं नाही असं करा. केलीनंही त्याच्यापासून हात झटकलेत.

सशाविषयी मात्र फार सांभाळून. ससा म्हणजे पुनरुत्थान, ससा म्हणजे अबोध मन, ससा म्हणजे मृत्यूचा दूत, यातलं काहीही चालेल. सिनेमातल्या थिएटरच्या पाटीवर ‘द ईव्हल डेड’ या भयपटाच्या जोडीला ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’ झळकतो, तेवढ्या भांडवलावर पोराला थेट क्रुसावर नेऊन बसवता येतं. एकच वाक्य तोंडातून काढायचं नाही: की ससा म्हणजे फ्रँक, डॉनीच्या मोठ्या बहिणीचा मित्र, हॅलोविनसाठी सोंग घेतलेला. हे सिनेमातच दिसतं. आणि जे सिनेमातच दिसतं, ते सांगायला तुमची गरज काय?

आता बाजू निवडा. पक्ष दोनच. पहिला पक्ष म्हणतो, हे सगळं खरंच घडतं, काळाला फाटा फुटतो आणि पोरगा तो बुजवतो. दुसरा म्हणतो, पोरगा आजारी आहे आणि ससा त्याच्या डोक्यात आहे. लांबवलेल्या आवृत्तीत डॉक्टरीणबाई डॉनीला सांगतात की त्याला दिलेल्या गोळ्या खोट्या होत्या. हा पुरावा दोन्ही पक्षांना सारखाच उपयोगी. पहिल्यानं ओरडायचं, “बघा, आजार नव्हताच!” दुसऱ्यानं ओरडायचं, “बघा, आजारावर उपचारच झाला नाही!” दोघांनी एकाच वेळी ओरडलं तर उत्तम. तेवढ्यात ती बाई एका घाबरलेल्या पोराशी काय बोलतेय, हे कुणाला ऐकू जात नाही.

त्यातला एक प्रसंग मात्र पाठच हवा, कारण त्यावर टाळ्या पडतात. जिम कनिंगहॅम नावाचा उपदेशक (पॅट्रिक स्वेझी, काय तेलकट गोड हसतो) शाळेला आपलं तत्त्वज्ञान विकून जातो: आयुष्य ही एक सरळ रेघ, एका टोकाला भीती, दुसऱ्या टोकाला प्रेम. फार्मरबाई वर्गात फळ्यावर ती रेघ ओढतात आणि पोरांना चिठ्ठ्या वाटतात. कुणाला तरी रस्त्यात पाकीट सापडलं, पाकीट मालकाला परत केलं, आतले पैसे ठेवून घेतले. तर खूण कुठे करशील? डॉनी म्हणतो, माणसाचं सगळं असं दोन कप्प्यांत कोंबता येत नाही. बाई सांगतात, मग तुला शून्य. तो त्या चिठ्ठीचं काय करावं हे बाईंना सांगतो आणि शाळेतून निलंबित होतो. हा प्रसंग रंगवून सांगा. रेघा ओढणाऱ्यांना मनसोक्त हसा. आणि हसू ओसरायच्या आत समोरच्याला दरडावून विचारा, “ते राहू दे. तू कुठल्या बाजूचा? काळप्रवास की आजार?”

मीही एकेकाळी मोठ्या कागदावर तक्ता काढला होता. लाल बाण, निळे बाण, इंजिन कुठून सुटतं, कुठे पडतं, विमानात आई आणि धाकटी बहीण कशी, सगळं चोख. तक्ता अजून आहे. त्यात पोरगा कुठे दाखवायचा राहून गेला, हे बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं. जागाही उरली नव्हती.

पाणी प्यायला, फोन बघायला कधी उठावं, तेही सांगतो. शाळेत सगळे जिची टर उडवतात त्या चेरिटाला डॉनी सांगतो की एक दिवस तुझं सगळं नीट होईल, तेव्हा उठावं. शंभरी ओलांडलेली म्हातारी रोज टपालपेटी उघडून बघते आणि पेटी रिकामीच, तेव्हाही. पोरगा आईला विचारतो, असा वेडा मुलगा पोटी आल्यावर कसं वाटतं, आणि आई म्हणते, फार छान वाटतं. तेव्हा तर नक्कीच. या जागांमध्ये ना आकडे, ना फाटे, ना प्रतीकं. तिथे बसून राहिलात तर पुढचं दोन तासांचं विवेचन जमणार नाही.

खरी धोक्याची जागा शेवटी येते. काळ फिरून त्याच पहिल्या सकाळवर आलेला असतो, आणि या वेळी डॉनी इंजिनाखाली सापडलेला असतो. घरासमोर बंब, माणसं. आई झाडाला टेकून सिगारेट ओढत उभी. ग्रेचेन, मधल्या दिवसांतली डॉनीची मैत्रीण, सायकलवरून येते. या सकाळी ती डॉनीला ओळखतसुद्धा नाही. शेजारच्या पोराला त्याचं नाव विचारते आणि त्या अनोळखी आईला हात हलवून दाखवते. आईही हात हलवते. इथे खोलीत सगळे गप्प होण्याचा फार संभव असतो. एखाद्याचे डोळेही भरतील. म्हणून रिमोट आधीपासून हाताशी ठेवा, चित्र झटकन थांबवा आणि म्हणा, “जरा मागे घ्या. तिला आठवतंय की नाही, तेवढं आधी नक्की करू.”