'ठाण्यातील सर्वोत्तम' सतरा वेळा

परत तेच! घोडबंदर रोडच्या एका वॉटरप्रूफिंगवाल्या साहेबांसाठी वेबसाइटचं पान लिहून दिलं. गच्ची नेमकी कुठून गळते, काम पावसाळ्याआधी का उरकावं, किती दिवस लागतात, हमी किती वर्षांची. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं, तेच सगळं. उत्तर आलं, "छान आहे हो, पण 'ठाण्यातील सर्वोत्तम वॉटरप्रूफिंग' सतरा वेळा टाका ना. गूगलला आवडतं."

अहो, कुठल्या काळात आहात? कीवर्डचा मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी आम्ही बघतच नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय. आणि तेच ते शब्द कोंबणं त्यांच्या नियमांत सरळ स्पॅममध्ये मोडतं. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत छताला ओल आलेली एखादी बाई मोबाइलवर हे पान उघडणार, आणि तिला दिसणार काय? नामजप!

वर "आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही" हे वाक्य हवंच. (आम्ही करतो, असं कुणी लिहिलंय का आजवर?)

आणि फोन नंबर? तो मात्र पानावर नको म्हणे. "लोक उगाच फोन करत बसतात."