‘सुट्टी’वर गेलेले फादर

धर्मांतरविरोधी कायद्यावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर पुन्हा जुंपली. दादरहून आत्तेभाऊ कडाडला, "मिशनरी म्हणजे विहिरीत पाव टाकून गावं बाटवणारे. तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस." मी शिकवत नव्हतो. मनमाडचे फादर फेरेर आठवतात का, एवढंच विचारलं होतं.

इथे बार्सिलोनात हे नाव सांगावं लागत नाही. शेजारच्या आजींच्या फ्रिजवर अनंतपूरच्या एका मुलीचा फोटो आहे, तिच्या शिक्षणासाठी त्या फादरच्या संस्थेमार्फत दरमहा पैसे पाठवतात. मी भारतातला म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "अनंतपूरजवळचा का?" मुंबई म्हटल्यावर चेहरा पडला.

खरं तर त्यांचे विसेंते फेरेर आधी आमचेच. 1952 मध्ये हा जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघातला स्पॅनिश मिशनरी, मुंबईत उतरला आणि पुढे मनमाडच्या दुष्काळी पट्ट्यात गेला. विहीर खणायला घेणाऱ्या शेतकऱ्याला तो गहू आणि तेल द्यायचा. आमच्या आत्याचं सासर तिकडचं. ती ग्रुपवर सहसा फक्त गुड मॉर्निंगची फुलं टाकते. त्या दिवशी पोटच्या पोराला तिनेच लिहिलं, "आमच्या मळ्यातली विहीर त्या गव्हावर खणली. पाव कुणी टाकला नाही हो."

1968 मध्ये त्यांना देश सोडायचा हुकूम झाला. हजारो शेतकरी मनमाडहून मुंबईकडे चालत निघाले. पंतप्रधान इंदिरा गांधींनी मध्ये पडून तोडगा काढला: फादर थोडे दिवस सुट्टीवर जातील, परत आले की त्यांचं स्वागत होईल. 1969 मध्ये ते परतले, पण आंध्रातल्या अनंतपूरला. 2009 मध्ये तिथेच वारले.

इंदिराबाईंनी शब्द पाळला, हे मान्य. पण या गोष्टीचं कौतुक करताना माझी जीभ जरा अडखळते. बाहेरून आलेला पैसा गावात कसा वाटला जातो, हे विचारायचा सरकारला हक्क आहेच. आत्तेभावाचं तेवढं खरं. मग विचारा, हिशेब तपासा. दिल्लीतून कुणी शब्द टाकला तर ‘सुट्टी’ आणि नाही टाकला तर हकालपट्टी, हा कुठला न्याय? ज्याच्यासाठी कुणी मनमाडहून चालत निघालं नाही, त्या पाद्र्याने, मौलवीने, डॉक्टरने काय करायचं?

गेल्या वर्षी माझ्या रहिवासी परवान्याचं नूतनीकरण एका कागदावरून फेटाळलं. खिडकीवरच्या बाईने मान वर करून पाहिलंही नाही. इथेही परक्याला कुणी पायघड्या घालत नाही. पण पत्रात कारण लिहिलेलं होतं, खाली अपिलाची मुदत: एक महिना. इथल्या एकाही मंत्र्याला मी ओळखत नाही. तो कागद जोडला आणि परवाना मिळाला.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. आत्तेभावाचा प्रश्न आला, "आणि तुला खरंच हाकललं असतं तर?"

"तर आत्याला सांगायचं, दादा सुट्टीवर आलाय."